सगळ्यांना जमेल अशी वेळ

आमची कंपनी गाड्यांमधलं सॉफ्टवेअर तपासून देते. हिंजवडीत शंभरावर माणसं, जर्मनीत श्टुटगार्टला त्याच्या निम्मी, जपानात नागोयात जेमतेम वीस. गिऱ्हाईक जिथे तिथे ऑफिस, एवढाच हिशोब. आणि श्टुटगार्ट काय, नागोया काय, दोन्ही गाड्यांचीच गावं. कोविडच्या काळात तिन्हीकडे बरीच नवी भरती झाली. २०२२ उजाडलं तेव्हा रोज एकाच प्रोजेक्टवर काम करणारी माणसं एकमेकांना फक्त तिकिटांवरून ओळखत होती. सिस्टीममध्ये तक्रार टाकायची, तिला नंबर पडायचा, पलीकडून उत्तर यायचं. मध्ये माणूस नव्हताच. एखादा रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती, फसला की पुणं म्हणायचं श्टुटगार्टनं रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरनं काय करायचं ते) नीट लिहिली नाही, श्टुटगार्ट म्हणायचं पुण्यानं विचारलं नाही, आणि नागोया काहीच म्हणायचं नाही. त्याचीच जास्त धास्ती वाटायची.

मग वरून फर्मान निघालं: तिन्ही ऑफिसांची मिळून एक 'कल्चर' हवी, नियमित गेट-टुगेदर सुरू करा. एचआरला तेव्हा अडीच माणसं होती (अर्धं म्हणजे पेरोल सांभाळणाऱ्या बाई, त्या दोन्हीकडे), म्हणून प्रत्येक ऑफिसातून एकेक 'कल्चर लीड' नेमायचं ठरलं. पुण्याचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं. मी टेस्टिंगची माणूस. मला का निवडलं विचारलं तर म्हणाले, "तू सगळ्यांशी बोलतेस." काम वाढलं, पगार तेवढाच.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ ठरवायची. हे पाच मिनिटांचं काम आहे असं ज्याला वाटतं त्यानं एकदा करून पाहावं. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, बाराही महिने. जर्मनी आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. म्हणजे उन्हाळ्यात पुणं बरोब्बर मधोमध. मॅनेजमेंटच्या स्लाइडवर हे फार शोभून दिसायचं. प्रत्यक्षात श्टुटगार्टला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा नागोयात दुपारचे चार आणि आपल्याकडे साडेबारा. तिन्हीकडे सगळे जागेवर सापडतील अशी हीच वेळ, आणि आमची डबे उघडायची वेळही हीच.

सुरुवातीचे काही महिने आम्ही ती निमूट घेतली. महिन्याचा पहिला गुरुवार, साडेबारा, हिवाळ्यात दीड. हिवाळ्यातली मीटिंग लांबली तर खाली कँटीन बंद व्हायचं. डबेवाल्यांपैकी कुणी कॅमेरा बंद करून चार घास खाऊन घ्यायचं. मग श्टुटगार्टहून अभिप्राय आला की पुण्याची मंडळी कॅमेरे लावत नाहीत, त्यांना या उपक्रमात रस दिसत नाही.

हे वाचून माझं टाळकं सरकलं. पण तिघांचा पहिला मोकळा कॉल झाला तोही त्यावरूनच. मी सरळ सांगितलं की आम्ही जेवत असतो. श्टुटगार्टची लीड दोन क्षण गप्प बसली आणि म्हणाली, "मग आधी का नाही घेत? आमच्यातले निम्मे सातलाच येऊन बसतात." तिकडे ही पद्धतच आहे: सातला यायचं, दुपारी साडेतीन-चारला घरी. शुक्रवारी तर त्याही आधी. त्यांचे सात म्हणजे आमचे उन्हाळ्यात साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. नागोयाचे दोन किंवा तीन. इतकी सोयीची वेळ कुणाला सुचलीच नव्हती, कारण 'ऑफिस नऊला सुरू होतं' असं पुण्यात बसून आम्ही गृहीत धरलं होतं, आणि साडेदहाचा आपला स्टँडअप (टीमची रोजची उभ्याउभ्याची मीटिंग) हलवता येणार नाही असंही. स्टँडअप हलला, आभाळ कोसळलं नाही.

तरीही सातला न जमणारी माणसं श्टुटगार्टमध्ये होतीच. आठला मुलांना पाळणाघरात सोडून येणारे. म्हणून एक महिना सात, एक महिना नऊ असं ठरवलं, आणि नऊवाल्या महिन्यात पुण्याची जेवणाची सुट्टी त्या दिवसापुरती अधिकृतपणे तासभर पुढे ढकलायची. हे 'अधिकृतपणे' महत्त्वाचं. कँटीनवाल्याला लेखी मेल गेली, त्यानं गुरुवारी तीनपर्यंत गरम ठेवायचं कबूल केलं. या सगळ्यात कल्चर कुठे आहे असं आमच्या डायरेक्टरांनी विचारलं होतं. माझ्या मते तेव्हापर्यंत झालेलं सगळ्यात ठोस काम हेच होतं.

कार्यक्रम काय करायचा हा पुढचा प्रश्न. बाहेरच्या एका एजन्सीकडून खेळांचं पॅकेज घेतलं होतं. प्रश्नमंजूषा झाली, नागोयानं एक शब्द न बोलता सगळी उत्तरं बरोबर दिली आणि जिंकल्यावरही माइक उघडला नाही. मग 'स्वतःबद्दल दोन खऱ्या गोष्टी आणि एक खोटी' हा खेळ. सहकाऱ्यांसमोर, कामाच्या वेळेत, ठरवून खोटं बोलायचं हे नागोयाच्या दोघांना इतकं अवघड गेलं की त्यांनी तिन्ही गोष्टी खऱ्याच सांगितल्या. पॅकेजचे पुढचे हप्ते आम्ही रद्द केले.

त्याजागी एक साधी रीत आणली. दर महिन्याला एक ऑफिस यजमान, आणि यजमानानं आपल्याकडचं काहीतरी वीस मिनिटं दाखवायचं. स्लाइड चालणार नाहीत, कॅमेरा उचलून फिरायचं. नागोयानं सुरुवात केली ती रेडिओच्या तालावरच्या कवायतीनं. १९२८ पासून चालत आलेली गोष्ट, शाळेतल्या पोरांपासून कारखान्यातल्या माणसांपर्यंत सगळ्यांना पाठ. त्यांच्या क्लायंटच्या प्लँटमध्ये शिफ्टच्या आधी रोज होते. तीन ऑफिसांतली माणसं कॅमेऱ्यासमोर हात वर-खाली करताहेत हे दृश्य हास्यास्पद होतं, पण त्या दिवशी कॅमेरा बंद ठेवणारा कुणी नव्हता.

पुण्याची पाळी ऑक्टोबरात आली. गुरुवार सोडून आम्ही खंडेनवमीचा दिवस मागून घेतला. आमच्याकडे दरवर्षी टेस्ट बेंचची पूजा होते. बेंच म्हणजे एक लांब टेबल. त्यावर गाडीतले कंट्रोल युनिट, वायरिंगची जाळी, पॉवर सप्लाय, दोन स्क्रीन. ॲडमिनचे काका सकाळीच झेंडूची माळ, आपट्याची पानं, नारळ, हळदी-कुंकू घेऊन हजर. लॅबच्या नियमात धूर बसत नाही म्हणून उदबत्ती दाराबाहेर. आता पलीकडे कॅमेऱ्यावर सगळी कंपनी बघतेय या काळजीनं मी म्हटलं, "काका, यंदा कुंकू टेबलाच्या पायाला लावूया का? कनेक्टर जवळ आहेत."

"मॅडम, दरवर्षी स्क्रीनच्या खाली लावतो. एकदा तरी बिघडलंय का काही?"

ते स्क्रीनच्या खालीच लागलं. अगदी हलक्या बोटानं, एकेका युनिटला टिंब, आणि वायरिंगला हात न लावता माळ टेबलाच्या कडेनं. श्टुटगार्टच्या एका ज्येष्ठ इंजिनिअरनं विचारलं की नेमकं कुणाला वंदन करताय, मशीनला की देवाला. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं, पण ते द्यायची वेळच आली नाही. नागोयाच्या लॅबप्रमुखांनी, बहुधा पहिल्यांदाच आपणहून, माइक उघडला. म्हणाले, आमच्याकडे जानेवारीत काम सुरू होताना सगळं ऑफिस देवळात जाऊन वर्षभर अपघात होऊ नये म्हणून प्रार्थना करतं. कित्येक कारखान्यांच्या आवारात छोटं देऊळच असतं. नव्या वर्षाला मशीनवर गवताच्या दोरीची सजावट बांधतात. आणि शिवणकाम करणारे वर्षातून एकदा मोडक्या, झिजलेल्या सुया मऊ टोफूत (सोयाबीनच्या पनीरमध्ये) खोचून त्यांचे आभार मानतात, कारण आयुष्यभर त्या कडक कापडात खुपसल्या गेल्या. शेवटी तरी मऊ जागा मिळावी. काका हे भाषांतर ऐकत होते. म्हणाले, "बरोबर आहे की." तो ज्येष्ठ इंजिनिअर मग आठवून सांगायला लागला की त्यांच्या नव्या लॅबचं छप्पर चढलं तेव्हा सुतारानं वर एक सजवलेलं झाड बांधलं होतं, भाषण करून ग्लासभर दारू प्यायला आणि ग्लास खाली फेकून फोडला, फुटला नाही तर अपशकुन. वीस मिनिटांचं सत्र तास उलटून गेलं आणि कुणीही घड्याळाकडे बोट दाखवलं नाही. जर्मनांनीसुद्धा नाही.

छोट्या छोट्या गोष्टी अशाच कळत गेल्या. श्टुटगार्टला वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी दिलेल्या चालत नाहीत, वाईट मानतात. आणि केक ज्याचा वाढदिवस त्यानं स्वतः आणायचा. पुण्याच्या पोरांना ही पद्धत भलतीच अन्यायाची वाटली. नागोयातला माणूस कुठे फिरून आला की ऑफिसात प्रत्येकासाठी वेगवेगळी गुंडाळलेली मिठाई आणतो. ही पद्धत मात्र पुण्यानं हसत उचलली, आणि गावाहून येणाऱ्याच्या पिशवीतली आंबावडी, कंदी पेढे आता पँट्रीत नाव लिहून ठेवलेले असतात.

प्रत्यक्ष भेटायचं म्हटल्यावर खरे पैसे लागणार होते. फायनान्सच्या साहेबांचं म्हणणं, व्हिडिओ कॉल असताना विमानाची तिकिटं कशाला? मी त्यांना एमआयटीच्या थॉमस ॲलन यांचं सत्तरच्या दशकातलं काम दाखवलं. त्यांनी प्रयोगशाळांमधल्या इंजिनिअरांचं बोलणं मोजलं होतं: दोन टेबलांमधलं अंतर वाढत गेलं की बोलणं झपाट्यानं घटतं, आणि ५० मीटरच्या पुढे ते नावापुरतं उरतं. साहेब म्हणाले, हे ईमेलच्या आधीचं आहे. म्हटलं, आपल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या टीमशी तुम्ही शेवटचं कधी बोललात? बजेट मिळालं, मागितल्याच्या निम्मं.

जागा पुणं ठरली त्याचं कारण पाहुणचार नव्हे, पासपोर्ट. जर्मन माणसाला जपानला आणि जपानी माणसाला जर्मनीला अशा कामासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. आपल्याला दोन्हीकडे लागतो: फॉर्म, बँक स्टेटमेंट, आमंत्रणाचं पत्र, अपॉइंटमेंट, जर्मनीसाठी बोटांचे ठसेही. जर्मनीला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची नुसती फी आता ९० युरो आहे, आणि अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो. उलट भारतात यायला जर्मनांना ई-व्हिसा चालतो आणि जपान्यांना तर मुंबईच्या विमानतळावर उतरल्यावरही व्हिसा मिळतो. म्हणजे पहिली भेट बाहेर ठेवली असती तर पुण्याहून ज्यांच्या पासपोर्टवर आधीचे शिक्के आहेत तेच गेले असते, म्हणजे मॅनेजर. ज्युनिअर टेस्टर कुणालाच दिसले नसते.

तारीख काढणं हा स्वतंत्र छळ होता. ऑगस्टमध्ये जपानात पितरांचा सण आणि श्टुटगार्टला शाळांच्या सुट्ट्या, मग गणपती, मग दिवाळी, डिसेंबरात त्यांचा नाताळ, नागोयाच्या वर्षअखेरच्या पार्ट्या. एप्रिल-मेच्या सांध्यावर जपानात सलग सुट्ट्या. मार्च नको, कारण आर्थिक वर्ष आपलं आणि जपानचं दोघांचंही तेव्हाच संपतं. सगळं वजा करून २०२३ चा नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उरला. तुळशीचं लग्न झालं होतं, म्हणजे पुण्यातल्या निम्म्या टीमच्या घरी कुणाचं ना कुणाचं कार्य, आणि हॉटेलांचे दर लग्नसराईचे. असो.

त्याआधी श्टुटगार्टच्या कर्मचारी परिषदेचं पत्र आलं. जर्मनीत पाच कर्मचारी असले तरी अशी परिषद निवडता येते, आणि कामाच्या वेळेसारख्या बाबतीत तिला विचारल्याशिवाय कंपनीला पुढे जाता येत नाही. पत्र चांगलं दोन पानी. रविवारच्या विमानप्रवासाचा वेळ कामात धरणार का? संध्याकाळचं जेवण सक्तीचं आहे का? असल्यास तो कामाचा वेळ, नसल्यास तसं लेखी द्या. न येणाऱ्याच्या मूल्यमापनावर परिणाम होणार नाही याची हमी द्या. त्यांच्या उन्हाळी स्नेहमेळाव्याचा हिशोबही मला तेव्हाच कळला: वर्षाला दोन कार्यक्रमांपर्यंत, दर कार्यक्रमाला माणशी ११० युरोचा खर्च करमुक्त, आणि त्यात जेवण, हॉल, वाजंत्री सगळं धरायचं. आमच्याकडे ते पत्र वाचून सगळे हसले. पार्टीला यायला सांगतोय की खाणीत उतरायला?

मला हसू आलं नाही, कारण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला पुण्यापुरतंही माहीत होतं. आमच्या कंपनीच्या बसेस सव्वासहाला सुटतात. ऑफिसची कुठलीही पार्टी, टीम डिनर, फेअरवेल सातनंतर. सव्वासहाची बस सोडली तर हिंजवडीहून हडपसर किंवा सिंहगड रोडला रात्री परत जायचं स्वतःच्या जबाबदारीवर. मुलं लहान असलेल्या बायका, आई-वडिलांचं दुखणं-खुपणं बघणारे, पिंपरीहून पुढे लोणावळा लोकलनं येणारी पोरं, हे सगळे पार्टीच्या फोटोंत कधीच नसतात. आणि पुढचा प्रोजेक्ट कुणाला द्यायचा हे निम्म्या वेळा त्या टेबलावर ठरतं. नाही म्हणायची सोय आहे का असं कागदोपत्री कुणी विचारलंही नव्हतं. परिषदेनं त्यांच्या लोकांसाठी विचारलं, आम्ही ते सगळ्यांना लागू करून टाकलं. सगळा कार्यक्रम दिवसा, दहा ते साडेपाच. संध्याकाळ ज्याची त्याची. डायरेक्टरांना वाटलं रंग भरणार नाही.

सिंहगड झाला, पिठलं-भाकरी झाली, शनिवारवाड्यासमोर फोटो झाले. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. पाहुण्यांना आवडलं, पुणेकरांना सुट्टी मिळाली. महत्त्वाचे होते मधले दोन दिवस, ज्यात पाहुण्यानं आपल्या जोडीदाराच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि त्याचं रोजचं काम बघायचं. भाषण नाही, वर्कशॉप नाही.

माझ्या टीममधली एक मुलगी, नोकरीला लागून दोनेक वर्षं झालेली, सकाळी पावणेदहाला लॉगिन करायची, रात्रभर चाललेल्या टेस्टचे लॉग (नोंदी) श्टुटगार्टच्या सर्व्हरवरून उतरवायला लावायची आणि चहाला जायची. परत आली तरी बार वीस टक्क्यांवरच. मग ती जुने रिपोर्ट नीट लावत बसायची. श्टुटगार्टहून आलेला सर्व्हरवाला शेजारी बसून हे बघत होता. त्यानं विचारलं, हे रोज असं? ती म्हणाली, हो, हिवाळ्यात साडेअकरापर्यंत, उन्हाळ्यात जरा लवकर संपतं. 'उन्हाळ्यात लवकर' ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलला. त्यानं तिच्याच टेबलावरून श्टुटगार्टला फोन लावला. त्यांचा सर्व्हरचा बॅकअप पहाटे पाच ते सात चालायचा, लोक यायच्या आत संपावा म्हणून. तिकडचे हिवाळ्यातले पाच ते सात म्हणजे आपले साडेनऊ ते साडेअकरा. पुण्याच्या सकाळचा निम्मा भाग त्या बॅकअपखाली जात होता, आणि इतक्या वर्षांत एकही तिकीट पडलं नव्हतं, कारण सगळ्यांना वाटायचं की जर्मनीचा सर्व्हर लांब आहे, तो हळूच चालणार. दुसऱ्या आठवड्यापासून बॅकअप त्यांच्या रात्री एकला सुरू व्हायला लागला. फायनान्सच्या साहेबांना मी हे आवर्जून सांगितलं.

आणि रंगाचं म्हणाल तर, शेवटच्या दिवशी दुपारी टेरेसवर भेळ केली. मोठ्या पातेल्यात, आमच्यातल्याच चौघींनी, ज्या एरवी कुठल्याच पार्टीला नसतात त्यांनी. नागोयाच्या लॅबप्रमुखांना कांदा चिरायला बसवलं. ते इतका बारीक आणि एकसारखा चिरत होते की शेंगदाण्यांची वाट बघणारे सगळे त्यांच्याभोवती उभे राहून नुसते बघत राहिले.

पुढच्या वर्षी नागोया. व्हिसासाठी या वेळी चार महिने आधीपासून लागलो आणि ज्युनिअरांचे अर्ज पहिले टाकले. तिकडे पिण्या-खाण्याच्या बैठकीची जमवाजमव करणारा एक जण ठरवून नेमतात, बहुतेक सगळ्यात तरुण. हॉटेल, वर्गणी, कोण कुठे बसणार, कोण आधी ग्लास उचलणार, सगळं त्याच्याकडे. पहिल्या रात्री नेहमीच्या रिवाजाप्रमाणे पिण्या-खाण्याची बैठक होती. स्वतःचा ग्लास स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. सगळ्यांच्या हातात ग्लास येऊन एकदम 'कानपाई' म्हटल्याशिवाय घोट घ्यायचा नाही. आमच्या शाकाहाऱ्यांची मला चिंता होती, कारण जपानी स्वयंपाकात भाजी दिसते तिथेही रस्सा माशाचाच असतो. त्या पोरानं हॉटेलला आधी फोन करून एकेक पदार्थ विचारून घेतला होता: टोफूवर माशाचे कीस नकोत, भाज्यांचा टेंपुरा (भज्यांसारखा) चालेल पण सोबतच्या सॉसऐवजी मीठ, शेंगा उकडून. आणि आमच्या पाच जणांच्या जागेसमोर पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या उभ्या केल्या होत्या, त्यावर ब्रशनं देवनागरीत 'शाकाहारी'. काना सगळीकडे बरोबर. फक्त रेघ अक्षरांवर न देता अक्षरांखाली दिली होती. एकीनं ती चिठ्ठी अजून मॉनिटरला लावून ठेवली आहे.

पण त्या बैठकीत नागोया ऑफिसच्या तिघी नव्हत्या. विचारलं तर कळलं की त्या कधीच नसतात, मुलं घरी असतात. हडपसरची बस सव्वासहाला आणि त्यांची लोकल सहाला, एवढाच फरक. बैठक संपली की दुसरी बैठक दुसरीकडे, मग तिसरी. तिथे तर आणखी कमी. आमच्या जर्मन लीडनं सरळ विचारलं, सकाळी काही करता येणार नाही का? आणि नागोयाला सकाळची परंपरा आहेच की. तिथल्या जुन्या कॉफीच्या दुकानांत सकाळी कॉफी मागवली की तिच्याच पैशात टोस्ट आणि उकडलेलं अंडं येतं. टोस्टवर लोणी आणि गोड लाल चवळीचं वाटण हा तर त्या गावचाच प्रकार. पुरण लावलेला ब्रेड म्हणा. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही एका दुकानाच्या दोन खोल्या अडवून बसलो. तिघीही आल्या. त्यातली एक रिक्वायरमेंटचं काम करते. तिचं नाव आम्ही वर्षानुवर्षं तिकिटांच्या खाली वाचत होतो. टोस्ट खाता खाता तिनं आमच्या मुलीला वहीत आकृती काढून दाखवली की ब्रेकच्या मोड्यूलची ती एक अट अशी विचित्र का लिहिली आहे: क्लायंटच्या जुन्या गाडीत एक सेन्सर उलटा बसवलेला आहे, आणि हे कुठल्याच कागदात नाही. तेव्हापासून नागोयाचं दर महिन्याचं जमणं सकाळचं झालं. रात्रीच्या बैठका बंद झाल्या असं नाही. ज्यांना हव्यात ते करतात.

श्टुटगार्टची भेट २०२५ मध्ये झाली, नीटनेटकी, वेळापत्रकाला धरून. त्यांनी केक भरपूर केले होते. मला त्यातलं फारसं काही आठवत नाही, हे त्यांच्या नियोजनाचं कौतुक समजावं.

फरक काय पडला? एचआरनं सर्व्हे काढला, त्यात सगळं हिरवं आलं. त्यावर माझा विश्वास नाही. मला दिसतं ते एवढंच. नागोयाहून आता दुपारी फोन येतात, तिकीट नंतर पडतं. आणि मागच्या रिलीजच्या कॉलवर आमची तीच मुलगी, श्टुटगार्टचे तीन मॅनेजर समोर असताना, म्हणाली, "शुक्रवारपर्यंत नाही होणार. मंगळवारी देते." कॉलवर कुणी कुणाला काही म्हणालं नाही, मंगळवारी तिनं दिलं. सेल्सची माणसं मात्र तिन्हीकडची कुठल्याच जमण्याला येत नाहीत, आणि दरवर्षीची भेट यंदापासून खर्च कपात म्हणून वर्षाआड केली आहे. महिन्याचा गुरुवार चालू आहे.

आता अमेरिकेत मिशिगनला चौथं ऑफिस निघतंय. तिथे आणि नागोयात उन्हाळ्यात तेरा तासांचं अंतर, हिवाळ्यात चौदा. चौघांनाही दिवस असेल अशी वेळ घड्याळात नाहीच. मी आडवं-उभं मांडून पाहिलं. तूर्त दोन भाग करायचे ठरतंय: एक नागोया-पुणे-श्टुटगार्ट आहे तसा, दुसरा पुणे-श्टुटगार्ट-मिशिगन. दुसऱ्याची उन्हाळ्यातली वेळ मिशिगनचे नऊ, श्टुटगार्टचे दुपारी तीन आणि आपले संध्याकाळी साडेसहा. मी कळवलं आहे की महिन्यातल्या त्या एका दिवशी सव्वासहाऐवजी पावणेआठची बस द्या, नाहीतर मिशिगननं सातला बसावं. श्टुटगार्टच्या लीडनं त्याखाली तिच्या परिषदेचीही सही घेऊन पाठवली, तिचा तसा संबंध नसताना. ट्रान्सपोर्टवाल्यांकडून कोटेशन यायचं आहे.